निकालाला जागा नव्हती

नाना, रविवारी तुमच्या नावाने सामना झाला. तुम्हाला जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. मैदानाच्या फाटकावर तुमचा बॅनर लावला होता आणि त्यावरच्या फोटोत तुम्ही चक्क टाय घातलाय. कुठून पैदा केला कोण जाणे. वहिनी म्हणाल्या, भाच्याच्या लग्नातला आहे, टायही भाच्याचाच, फोटो काढून झाल्यावर त्याने परत घेतला. आम्ही सगळे त्या टायकडे बघून हसत होतो आणि हसता हसता कोणीतरी रुमाल काढत होतं. असा एकूण प्रकार.

हे लिहायला बसलोय कारण तुमचं-माझं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. सव्वीस वर्षं मी तुम्हाला एकच प्रश्न विचारत आलो, तुम्ही एकच उत्तर देत आलात, आणि ते मला कधी पटलं नाही. आता रविवारी आणि सोमवारी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तेव्हा ऐका. मध्ये बोलू नका. तशी आता सोयही नाही.

शोकसभेत एकजण तुम्हाला 'ज्येष्ठ क्रीडा पत्रकार' म्हणाला. सलीमभाई माझ्या कानात पुटपुटला, "ये किसकी बात कर रहा है?" तुम्ही स्वतःला फुटबॉलचा हमाल म्हणवून घ्यायचात. पेपरात खेळाचं एक पान. त्यातलं बरंचसं क्रिकेट खाणार, उरलेल्यात कबड्डी आणि बुद्धिबळ. नाशिकचा फुटबॉल तळाला, मूळव्याधीच्या जाहिरातीशेजारी. वर्षानुवर्षं तीच जागा. तुम्ही म्हणायचात, "बरं आहे विलास, ती जाहिरात शोधणारे तरी आपली बातमी वाचतात."

त्या वीतभर जागेसाठी तुम्ही सामन्याच्या आधी अर्धा तास यायचात. स्कूटर चिंचेखाली लावायची आणि दोन्ही संघांतल्या प्रत्येकाला गाठून नाव विचारायचं. पूर्ण नाव. मालेगावच्या पोरांना तर पुन्हा पुन्हा विचारायचात, "अन्सारी लिहू की मोमीन? तुझ्या अब्बांनी वाचलं तर त्यांना ओळखू यायला पाहिजे." राखीव खेळाडूंची नावं घ्यायचात. पंचांची घ्यायचात. मैदानावर पहाटे चुन्याची फक्की मारून रेषा आखणाऱ्या लक्ष्मणचंही नाव घ्यायचात. तो सुरगाण्याकडचा, लाजरा माणूस, दर वेळी म्हणायचा, "माझं कशाला नाना?" तुम्ही म्हणायचात, "रेषा नसती तर गोल कशाचा झाला असता?"

आणि मग सामना सुरू झाला की जो संघ हरतोय त्याच्या गोलपोस्टमागे जाऊन उभे राहायचात. जिंकणारे आपण होऊन बोलतात, हरलेल्याला विचारावं लागतं, हे तुमचं म्हणणं. त्यामुळे मध्यंतरानंतर तुम्ही कुठे उभे आहात ते बघून लोक ओळखायचे, कोणाचं काही खरं नाही ते. आमचा गोलकीपर तर तुम्ही आमच्या बाजूला वळलात की ओरडायचा, "नाना, तिकडेच थांबा ना जरा."

पण तुमची खरी खोड लिहिण्यातली. सगळ्या जगात बातमीत पहिल्या ओळीत निकाल येतो. तुमच्यात तो शेवटी यायचा. कारण तुम्हीच मला समजावलं होतं, चहाच्या टपरीवर, बशीत चहा ओतत. डेस्कवरची कात्री खालून चालते. जाहिरात आली, बातमी खालून कापली. म्हणून जे वाचलं पाहिजे ते वर ठेवायचं. तुमच्या मते वाचली पाहिजेत ती नावं. "निकाल तर मैदानावर होते त्या सगळ्यांनी बघितलाय. तो कुठे पळून जात नाही. पण यातल्या बहुतेकांचं नाव आयुष्यात एकदाच छापून येणार आहे. ते कापलं गेलं तर गेलंच." साहेब लोकांनी तुम्हाला यावरून किती वेळा झापलं असेल. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी परत बावीस नावं वर.

आता ती फायनल. नाशिकविरुद्ध मालेगाव. शुक्रवार होता, तिकडचे माग बंद, त्यामुळे टेम्पो भरभरून माणसं आलेली. मी आमचा राइट बॅक. सलीमभाई तेव्हा त्यांचा लेफ्ट विंगर, केस मानेपर्यंत, पळायला लागला की आवरायचा नाही. तरी त्या दिवशी मी त्याला आवरला होता. शेवटची पाच मिनिटं उरली, गोल एकही नाही. त्याने एक क्रॉस मारला, काही विशेष नव्हता, सोडला असता तर आरामात बाहेर गेला असता. मी नाही सोडला. पाय घातला. चेंडू माझ्या बुटाला लागून आमच्याच गोलात गेला. नाशिक हरलं, आणि ते माझ्यामुळे हरलं, हे मी आजही असंच सांगतो. आडवळणाने सांगितल्याने काही फरक पडत नाही.

मी गोलपोस्टशी बसून बुटाच्या नाड्या सोडत होतो, खरं तर सोडत नव्हतो, नुसत्या धरून बसलो होतो. तुम्ही आलात. मला वाटलं आता विचारणार, काय वाटतंय वगैरे. तुम्ही वही उघडलीत आणि म्हणालात, "विलास जाधवच ना? का वडलांचं नाव मध्ये टाकू?" मी म्हणालो, टाकू नका. तुम्ही मान डोलावलीत आणि लक्ष्मणकडे गेलात.

दुसऱ्या दिवशीची बातमी नाशिककर अजून विसरलेले नाहीत. दोन्ही संघांची नावं, राखीव खेळाडू, पंच, लक्ष्मण. मग "अटीतटीच्या या सामन्यात" इतके शब्द, आणि त्याखाली मूळव्याध. फायनलची बातमी आणि निकालच नाही. म्हणे दिवसभर ऑफिसात फोन वाजत होता. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा आला, मालेगाव विजयी, एवढाच. गोल कोणी केला, त्यातही नव्हतं.

बाबा तेव्हा सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला. कँटीनमध्ये पेपर यायचा. दुपारी घरी आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो. त्यांनी आईला हाक मारली, शेजारच्या वाघमारे काकूंना हाक मारली, सगळ्या कॉलनीला पेढे वाटले. विहारातल्या दिवाबत्तीवाल्या आजोबांनासुद्धा. "विलासचं नाव आलंय पेपरात." कोणी विचारलं, जिंकले का, की म्हणायचे, "नाव वाचा ना." मला एक पेढा दिला. तो मी खाल्ला. मी आपल्याच संघाला हरवून आलोय हे त्यांना सांगायची माझी हिंमतच झाली नाही.

आठ दिवसांनी कसंबसं सांगितलं. बाबा शर्टाला बटण लावत होते. म्हणाले, "माहीत आहे मला. आमच्या खात्यात मालेगावचा टर्नर आहे. त्यानेच तर मला पेपर दाखवला." म्हणजे पेढे घ्यायच्या आधीच माहीत होतं. मी म्हणालो, मग पेढे कशाला? तर म्हणाले, "आपल्या घरातलं पहिलं नाव छापून आलं. हरलास ते वेगळं. त्याचं वाईट वाटलं मला, ते मी वाटत फिरू का?"

यावर कोणी शहाणा असता तर निवला असता. मी तसाच तुमच्याकडे आलो, तणतणत. तुम्ही टपरीवर होतात. मी म्हणालो, नाना, तुम्ही माझा गोल मुद्दाम गाळलात. तुम्ही म्हणालात, "जागा नव्हती." मी म्हणालो, थापा मारू नका, खुलाशातही तो नव्हता. तुम्ही म्हणालात, "अरे बाबा, जागा नव्हती." मी म्हणालो, तुमच्यामुळे माझ्या बापाने हरलेल्या पोराचे पेढे वाटले. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि विचारलंत, "गोड होते का?"

मी उत्तर दिलं नाही. पाय आपटत निघून गेलो. पण पुढच्या रविवारी परत आलो, आणि तेव्हापासून तुमच्या शेजारीच उभा राहायला लागलो, हरणाऱ्यांच्या बाजूला. पुढे सलीमभाईने मेनरोडला कापडाचं दुकान टाकलं, तोही येऊन मिळाला. ज्याच्या क्रॉसने मी बुडालो तोच माझ्या डाव्या हाताला आणि ज्याने ते छापलं नाही तो उजव्या हाताला. दर वर्षी केव्हातरी मी विषय काढणार, तुम्ही तेच म्हणणार, आणि सलीमभाई वैतागून म्हणणार, "अरे विलास, नाना ने तेरी इज्जत ढांक ली, और तू उसी पे गुस्सा?"

नेमकं तेच तर मला टोचत होतं, नाना. कोणी माझी इज्जत झाकावी असं मला वाटत नव्हतं. चूक माझी होती, तिच्यावर माझाच हक्क होता. आणि तुम्ही तर पदराला खार लावून खरं लिहिणारे. पंचाने चूक केली तर त्याच्या समोर उभं राहून सांगून मग लिहिणारे. असा माणूस एकदाच, आणि तोही माझी कीव आल्यापायी वाकला असेल, तर ते ओझं मी कुठे उतरवू? म्हणून मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. हो, मुद्दाम केलं. संपलं असतं. पण तुम्हीही पक्के. जागा नव्हती म्हणजे नव्हती.

बाकी भांडणं काय कमी होती का. टीव्हीवरच्या मॅचवर आपलं कधी जमलं नाही. आम्ही विलायती क्लबांचे शर्ट घालून यायचो, तुम्ही म्हणायचात, "दुसऱ्याच्या लग्नात मानपान मागणारे." तुम्ही निवृत्त झालात तरी बातम्या थांबल्या नाहीत. एका बोटाने मोबाइलवर टाइप करून पाठवायचात, बावीस नावं, एक बोट. शेवटची चार-पाच वर्षं मुलींच्या फुटबॉलचं वेड घेतलंत. मुलींच्या सामन्याला जागा मिळावी म्हणून डेस्कवरच्या पाठकांना रोज फोन. पाठक शोकसभेत म्हणाले, नानांचा फोन आला की मी आधीच एक जाहिरात हलवून ठेवायचो. सगळे हसले, तेही हसले, आणि मग माइक दुसऱ्याकडे देऊन खाली बसले.

तुम्ही गेलात तेसुद्धा तुमच्या पद्धतीने, कोणाला त्रास नाही. दुपारचं जेवण, आरामखुर्ची, छातीवर पेपर. वहिनींना वाटलं डोळा लागलाय, म्हणून त्यांनी पंखा एकवर केला. अमरधामला मी रडलो नाही. कामं होती, माणसं होती, मालेगावहून तीन पिढ्यांचे खेळाडू एसटीने आले होते, त्यांना चहापाणी बघायचं होतं. चौथ्या दिवशी गंगापूर रोडने कॉलेजात कामाला जाताना तुमच्यासारखीच करडी स्कूटर पुढे चालली होती. वाकून बसलेला कोणीतरी. मी गाडी बाजूला घेतली आणि फुटपाथवर बसून रडलो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो, तिथल्या पोरांना वाटलं सरांचे डोळे गॅसने लाल झालेत. मला तुमची फार आठवण येते, नाना. हे तुम्ही असताना एकदा म्हणायला काय झालं होतं मला, कोण जाणे.

तर रविवार. सामना मुलींचाच ठेवला, तुमच्यासाठी दुसरा शोभला नसता. नाशिकच्या मुली आणि सुरगाण्याकडच्या मुली. त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आल्या, उतरल्या त्या थेट मैदानात पळायला लागल्या. शनिवारीच पाठकांचा फोन आला होता. "जाधव, बातमी तुम्हीच द्या. शंभर शब्द. जाहिराती खूप आहेत, वर एक शब्द नको. संध्याकाळी पाचपर्यंत." मी म्हणालो, मला कुठे लिहिता येतं? ते म्हणाले, "नानांच्या शेजारी सव्वीस वर्षं उभे होतात ना."

अर्धा तास आधी गेलो. प्रत्येक मुलीला नाव विचारलं. त्यांना गंमत वाटत होती. एकीने विचारलं, "काका, तुम्ही पोलिसात आहात का?" राखीव मुलींची घेतली, पंचांची घेतली. लक्ष्मणकडे गेलो. पांढरे हात घेऊन तो फाटकाशी उभा होता. मी वही उघडली तर म्हणाला, "आता नाना नाय, आता कशाला?" मी नाव लिहिलं.

सामना बरा झाला. शेवटची चार मिनिटं उरली असताना सुरगाण्याच्या संघातून एक राखीव मुलगी आत आली, लहानखुरी, शर्ट गुडघ्यापर्यंत. तिच्या पायाला चेंडू एकदाच लागला. तो कुठे गेला ते बघून तुम्ही माझ्याकडे वळून मिशीत हसला असतात. मी आणि सलीमभाई तिच्याच संघाच्या गोलपोस्टमागे उभे होतो. सलीमभाईने डोळे मिटून घेतले. "या अल्ला," तो म्हणाला, "फिर से."

सामना संपल्यावर मी चिंचेखाली पायरीवर बसून लिहायला घेतलं. तुमच्या स्मरणार्थ सामना, अमुक ठिकाणी, अमुक दोन संघ. मग नावं. बावीस मुली, प्रत्येकीचे दोन शब्द. राखीव मुली. पंच आणि दोघे लाइनमन. लक्ष्मण गावित. शब्द मोजले तर एकशे तीन झाले. निकाल राहिला.

परत बसलो. 'उत्साहात पार पडला' काढून टाकलं, ते तुम्ही कधी लिहू दिलंच नसतंत. तेव्हा कुठे शंभर झाले, निकाल अजून बाहेरच. मग म्हटलं, एखादं नाव काढू. कोणाचं काढू? नाशिकच्या गोलकीपरचं? ती तर पडून पडून सोलवटलेली. लाइनमनचं? तो निफाडहून स्वतःच्या गाडीवर आलेला. लक्ष्मणच्या नावावर पेन ठेवलं, आणि मान वर केली तर तो समोर झेंडे गोळा करत होता. त्या लहानखुऱ्या मुलीचं? तिच्याकडे मी बघितलं. ती गोलपोस्टशी बसली होती. बुटाच्या नाड्या धरून.

तिचं नाव मी तसंच ठेवलं. आणि देवाशपथ सांगतो, नाना, त्या क्षणी मला कोणाची कीव आली नव्हती. मला फक्त दिसत होतं की शब्द शंभर आहेत आणि काढण्यासारखं नाव एकही नाही. जागा नव्हती. खरंच नव्हती. सव्वीस वर्षं तुम्ही मला सरळ सरळ खरं सांगत होतात आणि मी तुम्हाला खोटारडा म्हणत होतो. माफ करा मला. सलीमभाईला हे सांगितलं. म्हणाला, "जगह नहीं थी, और इज्जत भी बच गई. दोनों बातें सच नहीं हो सकतीं क्या?" कापडवाला आहे, त्याला दोन्ही बाजू दिसतात.

पाचला पाच मिनिटं कमी असताना बातमी पाठवली. लगेच पाठकांचा फोन. "जाधव, निकाल राहिला की हो." मी म्हणालो, "जागा नव्हती." पलीकडे ते पुटपुटत शब्द मोजायला लागले. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. दारात लक्ष्मण. त्याच्यामागे एक उन्हाने रापलेला माणूस, चपला बाहेर काढून उभा. द्राक्षबागेत कामाला आलेला, लक्ष्मणच्याच गावचा. त्या लहानखुऱ्या मुलीचा बाप. मालकाच्या घरी पेपर आला होता, कोणीतरी वाचून दाखवला होता, तो कागद त्याने चार घड्या करून खिशात ठेवला होता. हातात पेढ्यांचा पुडा.

"पोरीचं नाव आलंय," तो मला म्हणाला, जशी काही मला खबरच नसावी. मी म्हणालो, बघितलं मी. त्याने पुडा पुढे केला. मी ओल्या हाताने एक पेढा घेतला. मग तो जरा जवळ आला.

"सर, जिकल्या का पोरी? ती काय बोलंना फोनवर."

मी पेढा तोंडात टाकला. अख्खाच टाकला. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलता येत नाही, आणि मी सावकाश खाणारा आहे. मी त्याच्या खिशाकडे खूण करून तो कागद उलगडायला लावला आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. तो त्या नावाकडे बघत राहिला, मग हसला, आणि पुडा घेऊन शेजारच्या वर्गाकडे वळला, तिथल्यांना द्यायला.

नाना, तुम्ही मला टपरीवर एक विचारलं होतंत, त्याचं उत्तर राहिलंय. गोड होते.